रुग्णाशी नाते

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे सव्वादोन वाजले होते. आयसीयूबाहेरच्या काउंटरशी एक मुलगी अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरत उभी होती. तेवीस-चोवीसची असेल. ओढणीला चिखल, एका चपलेचा अंगठा तुटलेला, मनगटावर कुणाचं तरी वाळलेलं रक्त. दुचाकीवरून घसरलेल्या मुलाला तिनंच रिक्षात घालून आणलं होतं. नाव, वय, पत्ता, रक्तगट तिनं भराभर लिहिलं. त्याला पेनिसिलिन चालत नाही हेही कुणी न विचारता सांगितलं. मग तिचं पेन ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यावर थांबलं. “मैत्रीण लिहिलं तर चालेल?” तिनं काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो काही वाईट मुलगा नाही, दमलेला होता. “नातेवाईक लागतो, मॅडम,” म्हणाला. तिनं पुन्हा पेन टेकवलं, ‘हो’ लिहिलं आणि थांबली. मी पलीकडे ट्रॉलीवरची इंजेक्शनं मोजत होते. तिथून मला तो रकाना दिसत होता. रुग्णाशी नाते : हो. मिनिटभर कागदावर एवढंच होतं. मग तिनं एका दमात पुढचं लिहून टाकलं. होणारी पत्नी.

मी काही बोलले नाही. खरं तर बोलायला हवं होतं. सज्ञान माणूस शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची सही पुरते, आणि जीव वाचवायची वेळ असेल तर डॉक्टर नातेवाइकासाठी थांबून राहत नाहीत. नव्या मुलींना मी हे दर वर्षी शिकवते. पण तो एकटा ‘हो’ पाहिला आणि माझा हात आपोआप छातीवर डाव्या बाजूला गेला. पूर्वी तिथं युनिफॉर्मवर घड्याळ टाचलेलं असायचं. त्या घड्याळामागे काही दिवस आणखीही एक वस्तू टाचलेली होती.

१९९४ साली मी मिरजेत होते. कोकणातून आलेली, नर्सिंग संपवून नुकती नोकरीला लागलेली, हाडांच्या बायकांच्या वॉर्डात स्टाफ नर्स. मिरज हे आजाऱ्यांचं आणि गाणाऱ्यांचं गाव. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं दुखणं घेऊन मिरजेची वाट धरतात. दुसरीकडे सतारमेकरांच्या गल्लीत सतारी-तंबोऱ्यांसाठी पंढरपूरकडून आलेले भोपळे ओळीनं मांडलेले असतात. रात्रपाळी संपवून मी त्या गल्लीतून जायचे. सकाळच्या वेळी कुणीतरी एकच तार लावत बसलेलं असायचं, लागेपर्यंत. औषधांच्या वासानं भरलेल्या डोक्याला तो एक सूर फार बरा वाटायचा.

आजी आली ती कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीनं. तेव्हा पंढरपूरकडे जाणारा रूळ अरुंदच होता. जतकडच्या खेड्यातून बाजेवर घालून स्टेशनापर्यंत, मग गाडीच्या लाकडी बाकावर, आणि मिरजेत उतरून टांग्यातून. अंगणात पाय घसरला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. एवढ्या प्रवासात ती ओरडली नव्हती, फक्त पदराचं टोक दातात धरून चावलं होतं. त्या टोकाची पार लगदी झाली होती. तिचा नातू आमच्याच हॉस्पिटलात भुलीचा डिप्लोमा करत होता. मी त्याला ओळखत होते ते ‘हिरव्या कपड्यातले उंच डॉक्टर’ एवढंच. पायाला वजन लावलं, खाटेचा पायथा ठोकळ्यांवर उचलला, पाच दिवसांनी ऑपरेशन करून खुब्याचा गोळा बदलला. पाठीत भूल देताना नातवालाच थिएटरबाहेर पाठवलं होतं, त्याचा हात थरथरत होता म्हणून.

ऑपरेशन चांगलं झालं, आणि दुसऱ्या रात्री आजीचं डोकं फिरलं. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं. डिलिरियम म्हणतात त्याला, घरचे म्हणतात बरळायला लागली. दिवसा झोप, रात्री जाग, जागा कुठली कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. आजीला खाटेखाली शेळ्या दिसत होत्या. “दावं सुटलंया, बांध की गं!” म्हणून ती माझ्यावर ओरडत होती. सलाइनची सुई तिनं दोनदा उपटली. तोंडाशी पाणी नेलं की हात झटकायची. मी तिसऱ्यांदा शीर शोधत होते. चादरीवर रक्त, मच्छरदाणी अर्धी सुटलेली. तेवढ्यात नातू आला. थिएटरातून तसाच, अंगाला हॅलोथेनचा, भुलीच्या औषधाचा, तो गोडसर वास. तो माझ्याशेजारी वाकला तशी आजी एकदम गप्प झाली. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ही तुझी बायकू व्हय रं? लगीन केलंस आन् मला सांगितलं न्हाईस?”

“न्हाई आज्जी, लगीन कुटलं,” तो म्हणाला.

“मंग ठरलंया न्हवं?”

आजीशी तो कायम तिच्या बोलीत बोलायचा. हो म्हणायचं झालं तर ‘व्हय’ म्हणायचा. त्या रात्री मात्र त्याच्या तोंडून ‘हो’ निघालं, हॉस्पिटलातल्या भाषेतलं, आणि बोलताना तो आजीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत विनवणी होती, तांबडे झालेले डोळे. आजीनं हात सैल सोडला. “घाल बाय तुझी सुई,” म्हणाली. शीर लगेच सापडली.

आम्हाला शिकवलं होतं की भ्रमात गेलेल्या माणसाशी वाद घालू नये, पण खोटंही बोलू नये. त्याला पुन्हा पुन्हा जमिनीवर आणावं. वार सांगावा, गाव सांगावं, आपलं नाव सांगावं. चष्मा हाताशी द्यावा, दिवसा खिडकी उघडी ठेवावी. मी ते सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलताना, पाठीला स्पिरिट-पावडर लावताना मी सांगायचे, आज्जी, आज मंगळवार, तुम्ही मिरजेत आहात, तुमच्या पायाचं ऑपरेशन झालंय, शेळ्या तुमच्या जावेकडं बांधल्यात. सगळं खरं सांगायचे, एक सोडून. “आन् तू कोन?” असं तिनं विचारलं की “तुमची नातसून होणार,” म्हणायचे, कारण एवढं म्हटलं की ती पेज प्यायची. दुसऱ्या कुणाच्या हातून पीत नव्हती. मला सोपं वाटलं ते. तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे, भ्रम उतरला की हेही उतरेल, असं मी धरून चालले होते.

पाचव्या दिवशी भ्रम उतरला. तिला वार कळला, गाव कळलं, पाय कळला, शेळ्यांची आठवण काढून ती लाजलीसुद्धा. नातसून मात्र उतरली नाही. कशी उतरेल? ती भ्रमातून थोडीच आली होती? आम्ही सांगितली होती, रोज, चार वेळा, ती निम्मी-अर्धी शुद्धीत असताना. तोवर वॉर्डातल्या मावशींपासून सात नंबरच्या पेशंटपर्यंत सगळ्यांनी ते नातं उचलून धरलं होतं. आजी उशीला टेकून बसली आणि म्हणाली, “ठरलंया म्हंता, मग साखर कुटं हाय?”

साखर मावशींनी आणली, वॉर्डाच्या चहाच्या डब्यातली. पुडा करायला कागद नव्हता, म्हणून त्यांनी टीपीआरचा कोरा चार्ट घेऊन त्याचाच शंकू वळला. ताप, नाडी, श्वास यांच्या रेघा काढतो तो चौकटींचा कागद. आजीनं कमरेची चंची सोडली, चुन्याची डबी बाजूला केली आणि तळातून एक सोन्याचं वळं काढलं. तंबाखूचा नि काताचा वास होता त्याला. मग तिनं सात नंबरच्या बाईला हाक मारली, “तू सवाशीन हाईस, तू लाव पोरीला कुकू.” स्वतःचे हात तिनं मागे घेतले होते, चादरीखाली. ते मागे घेणं मला बघवलं नाही. मी म्हटलं, “आज्जी, मला तुमच्याच हातचं हवं.” ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. वॉर्ड गप्प झाला. मग चादरीखालून तो हात बाहेर आला, सलाइननं सुजलेला, मनगटावर निळा डाग. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि नंतर आपली बोटं पुसली नाहीत. संध्याकाळी चार्ट लिहायला गेले तेव्हाही तिची बोटं तशीच लाल होती.

खोट्या साखरपुड्यात घडलेली ही सगळ्यात खरी गोष्ट. पुढे आमचं खरं लग्न झालं तेव्हा मांडवात आत्या-मावश्यांची गर्दी होती आणि रीतीप्रमाणे आजी मागे बसली होती. गोळा बदललेल्या माणसाला मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, म्हणून तिला खुर्ची दिली होती, आणि ती खुर्ची कुणीतरी कडेला सरकवली होती. हळद लागली, कुंकू लागलं, आजीला कुणी बोलावलं नाही. मीही बोलावलं नाही. वॉर्डात जी हिंमत होती ती मांडवात कुठं गेली हे मला अजून कळलेलं नाही. नातं खोटं होतं तेव्हा मला कुणाचीच भीती नव्हती.

पण मी पुढचं आधी सांगितलं. ड्यूटीवर अंगठी चालत नाही, बांगडी चालत नाही. वळं मी सेफ्टी पिनेत ओवून घड्याळामागे टाचलं. नाडी मोजायला वाकले की ते घड्याळावर आपटून बारीक वाजायचं. मेट्रनच्या कानावर गेलंच. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि म्हणाल्या, “या कपड्यांत असताना तू कुणाची सून नाहीस, कुणाची लेक नाहीस. या कपड्यांवर विश्वास ठेवून बायका तुझ्यापुढं पदर बाजूला करतात.” त्यांचं बरोबर होतं. मी तेव्हाही मान्य केलं, आताही करते. दिवसभर आम्ही परक्या माणसांना नहाणं घालतो, भांडं देतो, कुशीवर वळवतो, आणि यातलं काहीही नातं लागतं म्हणून करत नाही. आजीला मात्र मी नात्याच्या नावानं शिवत होते. तिच्या पाठीला पावडर लावताना हात तोच होता, पण त्या हाताला घरी कुणीतरी वाट बघतंय असं वाटायचं. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला त्याची किती भूक असते हे मेट्रनना कसं सांगणार?

डिस्चार्जपर्यंत खोटं टिकवायचं तर आमच्या दोघांच्या गोष्टी जुळायला हव्यात, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. आजीनं विचारलं होतं, “भेटला कुटं?” त्यावर मी म्हटलं लायब्ररीत, तो म्हणाला स्टेशनवर. म्हणून मग गेटबाहेरच्या टपरीवर रोज पंधरा मिनिटं बसायचं ठरलं, चहा घेत, पाठ केल्यासारखं एकमेकांचं ऐकून घ्यायला. तुम्हाला काय आवडतं, भाऊ किती, शाळा कुठली, असं सुरू झालं. आजीचे प्रश्न मात्र फार खोल जायचे. “त्यो रागावला की काय करतो गं?” “ही पोरगी नर्स का झाली रं?” मग टपरीवर तेही विचारावं लागायचं. मी त्याला सांगितलं की सेवा वगैरे मनात नव्हती, नर्सिंगला हॉस्टेल मिळत होतं आणि घरी खाणारी तोंडं जास्त होती. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलाखतीतसुद्धा नाही. त्यानं सांगितलं की लहानपणी आजोबांचा हात मोडला तेव्हा गावातल्या हाडवैद्यानं तो तसाच ओढून बसवला. ते ओरडणं ऐकून हा ज्वारीच्या कणगीमागे जाऊन बसला होता, कान दाबून. “म्हणून भूल घेतली,” एवढंच म्हणाला. त्याच्यापुढचा चहा निवून गेला होता, वर साय धरली होती.

खोटं टिकवायला आम्ही एकमेकांना फक्त खरं सांगत होतो.

तो मला अजूनही ‘सिस्टर’च म्हणायचा, आजीसमोर नाव घेताना अडखळायचा. एका रात्री ड्यूटी संपल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं ऐकायला गेलो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथंच विसावले आहेत, त्यांच्या आठवणीत उरुसाला तिथं मोठमोठे गवई गाऊन जातात. ऐकायला तिकीट नाही, माणसं जमिनीवरच बसतात. हॉस्टेलचं गेट चुकू नये म्हणून मला अर्ध्यातून उठावं लागलं. तो एक अक्षर न बोलता उठला आणि माझ्याबरोबर चालू लागला, बंद सतारीच्या दुकानांवरून. वाटेत आम्ही फार काही बोललो नाही. आजी झोपलेली होती, बघणारं कुणी नव्हतं, आणि तरीही तो रस्त्याच्या बाजूनं चालत होता, मला आत ठेवून. गेटपाशी पोहोचल्यावर मला हे जाणवलं आणि रात्रभर झोप आली नाही.

चोविसाव्या दिवशी आजी वॉकर धरून वॉर्डाच्या दारापर्यंत चालली आणि तिला सोडलं. वळं मी त्याच्या हातात परत दिलं. असं ठरलं होतं की पुढच्या रविवारी त्यानं गावी जाऊन तिला खरं सांगायचं. रविवार गेला. सोमवारी संध्याकाळी तो ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला. आजीनं माझ्यासाठी दळून पाठवलं होतं, आणि गावभर साखरही वाटून झाली होती. “मला सांगता आलं नाही,” तो म्हणाला, “आणि ते खोटं ठरावं असं मला वाटतही नाही.”

मला इतका राग आला की मी पिठाची पिशवी तिथंच बाकावर ठेवून आत निघून गेले. चार दिवस बोलले नाही. हवं ते वाक्य ऐकायला मिळालं होतं, तरी राग आला, कारण त्यात मला कुणी विचारलंच नव्हतं. आजीनं ठरवलं, वॉर्डानं साजरं केलं, आता गावानं साखर खाल्ली, आणि मी त्या खोट्याच्या ओघात वाहत नातसून व्हायचं? पाचव्या दिवशी टपरीवर त्याला सांगितलं, हे आधीचं सगळं बाजूला ठेवा आणि मला विचारा, मी नाही म्हणू शकते असं धरून. त्यानं विचारलं. मी दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस मला हवे होते म्हणून नाही, माझ्या हक्काचे होते म्हणून. जात वेगळी होती, माझे बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. तिकडे मात्र प्रश्नच आला नाही. आजीनं एकदा साखर वाटली म्हटल्यावर त्या घरात कुणाची हूं की चूं करायची टाप नव्हती. शुद्धीवर असताना मला रीतसर दाखवलं असतं तर तिनं काय म्हटलं असतं, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. उत्तराची मला भीती वाटते.

आजी त्यानंतर नऊ वर्षं जगली. शेवटचे दोन महिने मी रजा काढून गावी होते. पुन्हा तेच, दोन तासांनी कूस, पाठीला पावडर, वाटीतली पेज. आलेल्या-गेलेल्याला ती कौतुकानं सांगायची, “दोघांचं आधीच ठरलं हुतं, मला दवाखान्यात कळलं.” आमची मुलंही हीच गोष्ट शाळेत सांगत मोठी झाली. नवरा म्हणतो, यात खोटं काय राहिलं आता? भूल देणाऱ्याचं बरं असतं, दुखू न देणं हेच त्याचं काम. मी नर्स आहे, मला दिलं ते दिलं आणि चुकलं ते चुकलं असं लिहून ठेवायची सवय आहे. एका रात्री तिचे पाय दाबताना तीनदा ओठांवर आलं. कंदिलाची काच काळवंडली होती, बाहेर शेळ्या हलत होत्या, ती जागी होती. मी म्हटलं, आज्जी. ती म्हणाली, काय बाय. मी म्हटलं, पाणी देऊ का?

तो टीपीआरचा कागद माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटलाय, साखरेमुळे एका कोपऱ्याला मुंग्यांनी भोकं पाडलीत. वर पेशंटचं नाव, वॉर्ड, खाट, सगळे रकाने कोरे.

आयसीयूतल्या त्या मुलानं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. पायात रॉड आहे, पण डोकं शाबूत आहे. चौथ्या दिवशी त्याची आई गावाहून आली. त्याच दुपारी ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. केस धुतलेले, चप्पल नवी. हळू आवाजात म्हणाली, “सिस्टर, फाईलमध्ये मी एक खोटं लिहिलंय. आमचं काही ठरलेलं नाही. त्याच्या आई वाचण्याआधी मला ते दुरुस्त करायचंय.” पर्समधून तिनं व्हाइटनरची बाटलीसुद्धा काढली होती. मी ती बाजूला ठेवली. फाईल काढली, पान उघडलं आणि तिला आमचा नियम सांगितला. पेशंटच्या कागदावर काही पुसायचं नाही, गिरमटायचं नाही. चुकलेल्या शब्दांवर एकच सरळ रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, शेजारी तारीख, वेळ आणि सही.

तिनं पट्टी मागितली. ‘होणारी पत्नी’वर एक बारीक रेघ ओढली आणि वर ‘मैत्रीण’ लिहिलं. सही केली. मग मान तिरकी करून बघत राहिली.

“अजून वाचता येतंय की.”

“यायलाच हवं,” मी म्हटलं.

तिनं पेन माझ्या हातात दिलं, खुर्चीखालची शहाळ्याची पिशवी उचलली आणि आत गेली. मी फाईल उघडीच ठेवून बसले होते.